समुद्र दूर, पण जंतू दारी

आमच्या बऱ्हाणपुरास समुद्राचे दर्शन नाही. तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते, परंतु समुद्र काही उलट चालत आमच्या गावी येत नाही. तरीही खाऱ्या पाण्यात वाढणारे काही रोगजंतू दोन वाटांनी येथवर येऊ शकतात: एक मासळीच्या टोपलीतून, दुसरी आजारी माणसाच्या पोटातून.

पहिल्या वाटेची ओळख १९५० साली जपानातील ओसाका येथे पटली. उकडून अर्धवट वाळविलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व २० दगावली. फुजिनो या शास्त्रज्ञाने त्यामागील जंतू शोधून काढला. हा जंतू मिठावर पोसतो व उबेत झपाट्याने वाढतो. त्याचे विष पेशींना छिद्रे पाडते; मग पोटात कळा येतात व जुलाब सुरू होतात. मासळी नीट शिजविली की जंतू मरतो. मात्र कच्च्या मासळीची विळी न धुता शिजल्या अन्नास लावली, तर तो पुन्हा ताटात येतो. शुक्रवारी ज्यांच्या घरी मासळी शिजते, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट पटकीची. नदीमुखाचे मचूळ पाणी हे या जंतूचे घर. परंतु रोग्याची विष्ठा विहिरीत वा ओढ्यात उतरली की समुद्राची गरज उरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या जंतूचा अभ्यास केला. तो माणसाला मारतो कसा, हे मात्र त्याच शहरातील डॉ. शंभुनाथ दे यांनी १९५९ साली दाखविले. जंतू गाळून काढलेला नुसता द्रव त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला, तरी आतडे पाण्याने फुगले. म्हणजे जंतू आतडे कुरतडत नाही. त्याचे विष पेशींतून क्षार व पाणी अखंड वाहू देते. रोगी मरतो तो शरीरातील पाणी आटल्यामुळे.

सुदैवाने साखर व मीठ मिळून आत शोषले जाण्याची वाट हे विष बंद करू शकत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पाजून शेकडा तीसच्या घरातील मृत्यू शेकडा चारांच्या आत आणले.

बऱ्हाणपूरने १६१५ साली सातपुड्याचे पाणी भुयारांतून शहरात आणले. त्या कुंडी भंडाऱ्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पाणी कितीही निर्मळ असले, तरी घागरीत मळका हात बुडाला की सारे व्यर्थ. म्हणून पाणी उकळावे, ओगराळ्याने काढावे, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आणि माताभगिनींनो, लेकराला जुलाब लागले तर पाणी तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. अंगावरचे दूधही चालू ठेवा. डोळे खोल गेले, लघवी थांबली वा मूल मलूल झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठा. वाटेतही ते पाणी पाजणे थांबवू नका.