शब्दपाठांतराचे खूळ

अलीकडे आमच्या मध्यम वर्गातील सुशिक्षित घरांत एक नवे नित्यकर्म सुरू झाले आहे. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची चाल केव्हाच मागे पडली. तिच्या जागी आता इंग्रजीतील दहा कठीण शब्द, त्यांचे अर्थ आणि प्रत्येकाचे एकेक उदाहरणवाक्य यांचे पठण चालते. या कामासाठी याद्यांची जाडजूड पुस्तके मिळतात, शिकवणीचे वर्ग निघाले आहेत, आणि भ्रमणध्वनीवर तर रोज सकाळी एक शब्द आपण होऊन हजर होतो. असे हजारभर शब्द घोकले की मुलाचे इंग्रजी उच्च प्रतीचे झाले, अशी आईबापांची समजूत आहे. ही समजूत सर्वस्वी चुकीची असून तिच्यापायी मुलांच्या उमेदीची वर्षे फुकट जात आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते आम्ही इंग्रजीच्या द्वेषाने मांडीत नसून, ती भाषा शिकविण्यात आमचा जन्म गेला म्हणूनच मांडीत आहो.

शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्यासमोर छापलेला दुसरा शब्द, हा या पद्धतीचा पाया. आणि तो पायाच कच्चा आहे. आपल्याच भाषेकडे पाहावे. मरणे, वारणे, निवर्तणे, दगावणे, गचकणे या साऱ्यांचा अर्थ यादीत एकच पडेल. परंतु एखाद्या परकीयाने ती यादी पाठ करून आपल्या समाचाराला यावे आणि 'आपले तीर्थरूप गचकल्याचे ऐकून फार वाईट वाटले' असे म्हणावे, म्हणजे त्याला काय येत नाही हे तत्काळ कळेल! गुरे दगावतात, रोगी दगावतो, पण संतपुरुष दगावत नाही, हे आपणांस कोणत्या कोशाने शिकविले? ते शब्द शेकडो प्रसंगी कानांवरून गेले, म्हणूनच प्रत्येकाची पायरी आपणांस कळली.

इंग्रजीची गोष्ट याहून निराळी नाही. 'लगूब्रिअस' या शब्दापुढे 'शोकाकुल' असे लिहिलेले असते. पण त्या शब्दात शोकाच्या अतिरेकाची किंचित थट्टा आहे, हे कोण सांगणार? मग विद्यार्थी सांत्वनपत्रात तोच शब्द मोठ्या अभिमानाने घालतो. 'ऑब्सीक्विअस' म्हणजे 'आज्ञाधारक', एवढेच ज्याने घोकले, तो नोकरीच्या अर्जात आपण लाळघोटे असल्याची ग्वाही स्वतःच्या सहीनिशी देतो. असे नमुने आम्हांस उत्तरपत्रिकांतून दरसाल भेटतात. आणि हाच विद्यार्थी 'पुट', 'गेट', 'टेक' या चिमुकल्या क्रियापदांपुढे मात्र पदोपदी अडखळतो. मायकेल वेस्ट हे गृहस्थ ढाक्यास इंग्रजी शिकविण्याच्या कामी होते. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग तेवढ्या शब्दांनी व्यापलेला असतो. घरात धान्य नसताना अत्तराच्या कुप्या जमविणाऱ्यास आपण शहाणा म्हणू काय?

उदाहरणवाक्य दिलेले असते, त्याचे काय, असे कोणी विचारील. ही वाक्ये बहुधा अर्थास चिकटविण्यासाठी घडविलेली असतात: 'तो मनुष्य अमुक होता.' त्या अमुकाच्या जागी कोणतेही विशेषण बसवा, वाक्य तसेच उभे राहते! सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रंथकारांची लाखावर अवतरणे त्यात घातली. कारण शब्दाची ओळख त्याच्या खऱ्या सोबत्यांवरून पटते, हे त्यास ठाऊक होते. नुसत्या व्याख्येवर विसंबल्याने काय होते, हे जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. 'इरोड' म्हणजे झिजणे, कोरले जाणे. कोशात त्याच्या अर्थात 'ईट आउट' अशी अक्षरे होती. त्यांचा दुसरा अर्थ खाणावळीत जेवणे असाही होतो. तेव्हा एका मुलीने आपले कुटुंब पुष्कळदा 'इरोड' होते, असे वाक्य लिहिले! इंग्रजी ही जिची मायबोली, तिची जर ही गत, तर आमच्या मुलांची कथा काय?

येथे सनातनी वाचक म्हणतील, आमच्या पूर्वजांनीही अमरकोश पाठ केलाच ना? केला खरा, परंतु अमरसिंहाने स्वर्ग, पाताळ, भूमी, मनुष्य अशा वर्गांत, लिंगभेद सांगत, शब्द पद्यात गुंफले, त्यात नात्यागोत्याचे शब्द एकत्र नांदतात, वर्णानुक्रमाने उपटून आणलेले नव्हेत. शिवाय अमर झाला की विद्यार्थी रघुवंशाकडे वळे. तेथे कोश हा काव्याच्या देवडीवरचा द्वारपाल होता. येथे देवडीवरच मुक्काम ठोकून देवदर्शन घडल्याचे समाधान मानले जाते.

परीक्षेची सबब उरते. आमच्याकडील काही स्पर्धापरीक्षांत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारतात, हे खरे. त्यापुरते कोणी चार महिने घोकले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. पण त्यास भाषेचे अध्ययन म्हणू नये. ज्या अमेरिकन परीक्षांमुळे हे खूळ फोफावले, त्यांनीच माघार घेतली आहे: जी.आर.ई. मधून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्ये गेले, आणि एस.ए.टी. ने संदर्भहीन कठीण शब्दांचा आग्रह २०१६ मध्ये सोडला. मूर्ती उठून गेल्यावरही आमचे पुजारी घंटा बडवीतच आहेत.

खरी हानी वेळेपेक्षा मोठी आहे. खिन्न, विषण्ण, उदास, हिरमुसला, रडवेला यांतील भेद ज्या मुलास मराठीत कळत नाही, त्यास इंग्रजीतील शोकाच्या छटा कोठून कळणार? शब्दाचा तोल जोखण्याची शक्ती एकच असते. ती एका भाषेत घडली की दुसरीत उपयोगी पडते, आणि पहिलीत बोथट राहिली की दुसरीतही बोथटच राहते. यादीच्या नादाने मुलाच्या हातून मराठी पुस्तक सुटते आणि इंग्रजी पुस्तक तर हाती येतच नाही.

म्हणून पालकांस आमचे सांगणे थोडक्यात असे: यादी मिटवा आणि पुस्तक उघडा. मुलास रुचेल असे सोपे इंग्रजी पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत वाचू द्या. अडलेला शब्द त्याने आधी संदर्भावरून ताडावा, मग कोशात पाहावा, मग घरातल्या एखाद्या गोष्टीविषयी त्या शब्दाचे स्वतःचे वाक्य लिहावे आणि जाणत्याकडून तपासून घ्यावे. अशा रीतीने आठवड्यास पाचच शब्द मिळाले तरी ते जन्मभर पुरतील. आणि रोज रात्री तितकाच वेळ एखादे चांगले मराठी पुस्तक घरात मोठ्याने वाचले जावे. एवढे ज्या घरात होईल, तेथील मुलास दोन्ही भाषा येतील.