सहा पेट्या आणि एक गंधार

गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी कन्नौदच्या एका माडीवर सहा पेट्या ओळीने मांडलेल्या पाहिल्या आणि मनाशी म्हटले, आज कानांची खैर नाही. मधली पेटी गुरुजींची, दोन्ही अंगांना पाच शिष्य. त्यांतली सर्वांत धाकटी जेमतेम दहा वर्षांची. सहा जणांनी मिळून एकच राग वाजवायचा, हा बेत मला तरी धाडसाचा वाटला.

सतारीची तार ऐन वेळी पिळता येते, गवयाला गळा सावरता येतो. पेटीचा स्वर मात्र धातूच्या पट्टीत कायमचा बसलेला. पट्टी टोकाशी खरवडली तर तो चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. पण त्यासाठी पेटी उघडावी लागते. दोन पेट्यांच्या एकाच स्वरात किंचित अंतर पडले की नाद लाटेसारखा थरथरू लागतो. शिवाय पेटीच्या सप्तकातला गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराहून थोडा चढाच असतो. स्वरांच्या अशाच उणिवांमुळे आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावले, ते १९७१ साली किलकिले झाले. गंमत अशी की, पॅरिसमध्ये जन्मलेल्या ह्या वाद्याला ठुमरीच्या मैफलीत मान मिळवून देणारे भैया गणपतराव आपल्या ग्वाल्हेरचेच!

स्वर जुळवताना धाकटीची पेटी अडली. आजोबांच्या वेळची ती पेटी. तिचा गंधार इतर पेट्यांशी मिळेना.

"बाळ, आज ही पेटी राहू दे," गुरुजी हलकेच म्हणाले.

"पण गुरुजी, आजी तीच ऐकायला आली आहे."

गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी स्वतःची पेटी तिच्यापुढे सरकवली आणि आजोबांची पेटी आपल्यापुढे ओढून घेतली.

राग होता भूप. गंधार हा त्याचा वादी स्वर, म्हणजे रागाचा प्राणच. गुरुजी षड्जावरून ऋषभावर येत, आणि गंधाराच्या जागी बोट उचलून नुसता भाता हालवीत. तेवढा स्वर पाच मुले बोलत. पंचम-धैवतावर गुरुजी पुन्हा सामील होत. पहिल्या दोन आवर्तनांत मला वाटले, त्यांची पट्टी अडकली असावी. उलगडा झाल्यावर मी दुसरे काही ऐकूच शकलो नाही. द्रुत गतीत मुले धावली, तबल्याशी दोनदा चुकामूक झाली, एकाचा भाता ऐन समेवर संपला. हे सारे झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तो गंधार पाचही जणांनी एकदाही सोडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आजी हळूहळू पुढे आल्या. दृष्टी अधू झालेली. हाताने चाचपून त्यांनी आपली पेटी ओळखली आणि म्हणाल्या, "ह्यांच्या वेळचा आवाज अगदी तसाच आहे हो!"

"तसाच आहे, आजी," गुरुजी म्हणाले, "फक्त चार दिवस ती माझ्याकडे राहू द्या."