विश्लेषण : इंचभर उंचीचा जवान रंगवताना… टेबलावरचे आधुनिक युद्ध हा पोरखेळ की अभ्यास?

दिवाळी जवळ आली, की नाशिकच्या बाजारात मावळे येतात. अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरला जातो. बुरुजावर तोफ, दरवाजात भालदार आणि वर सिंहासनावर महाराज. हे दृश्य पाहून युद्धाचा खेळ केला म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. पण मावळ्याच्या जागी १९७१ चा किंवा आजचा जवान ठेवला आणि फासे टाकून लढाई खेळली, तर? हातात बारीक ब्रश घेऊन आधुनिक सैनिक रंगवणाऱ्यांचा छंद नेमका याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या नाशिकमध्ये तर हा प्रश्न टाळून चालणार नाही.

हा छंद म्हणजे नेमके काय?

धातू, प्लास्टिक किंवा रेझिनचे छोटे सैनिक विकत घ्यायचे अथवा थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, हाताने रंगवायचे आणि टेबलावर मांडलेल्या भूभागावर नियमांनुसार लढाई खेळायची. यातले लोकप्रिय माप २८ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण इंचभर. रणगाड्यांच्या मोठ्या लढायांसाठी १५ मिलिमीटरचे सैनिक वापरतात. अंतर टेपने मोजतात, गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लढाया मांडल्या, की त्याला आधुनिक कालखंडाचा युद्धखेळ म्हणतात. खेळ दोन-तीन तासांत संपतो, पण त्याआधीचे रंगकाम काही आठवडे चालते.

याची सुरुवात कुठून झाली?

प्रशियात राइसविट्झ या पितापुत्रांनी हा खेळ घडवला. वडिलांनी १८१२ मध्ये तो राजाला दाखवला आणि मुलाने १८२४ मध्ये त्याला नकाशा, मोजमाप व फासे यांची शिस्त दिली. तिथल्या लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. घरातल्या खेळण्यातल्या सैनिकांसाठी सोपे नियम लिहिले ते विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ चे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध शतपटीने बरे, असा त्यांचा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

लष्करांनी मात्र ही पद्धत सोडलेली नाही. वाळूत डोंगर, नाले, रस्ते उभे करून त्यावर डावपेच समजावण्याची ‘सँड मॉडेल’ची पद्धत आजही प्रशिक्षणात वापरली जाते. दिवाळीच्या किल्ल्याची ती मोठी बहीणच म्हणायची.

रंगवण्यात अवघड ते काय?

पायऱ्या सोप्या आहेत. आधी प्रायमर, मग मूळ रंग, मग खाचांत उतरणारा पातळ गडद रंग (वॉश), उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा आणि शेवटी मॅट वार्निश. पावसाळ्यात हवेत ओल असताना स्प्रे मारला, तर वार्निशवर पांढरट साय धरते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. ऑक्टोबर ते मे हा नाशिकच्या कोरड्या हवेचा काळ या कामाला सोयीचा.

खरी अडचण प्रमाणाची आहे. २८ मिलिमीटरचा सैनिक साधारण १ : ५६ या प्रमाणात असतो. खऱ्या गणवेशावरचा पाच मिलिमीटरचा ठिपका या प्रमाणात ०.०९ मिलिमीटरचा होतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. तो कुणीच रंगवू शकत नाही आणि रंगवला तरी दिसणार नाही. म्हणून रंगवणारा ठिपके मोठे आणि मोजके काढतो. मूळ रंगही थोडा फिकट घेतो, कारण छोट्या वस्तूवर अस्सल छटा जास्त काळपट दिसते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे हीच इथली कला. गणेशमूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात सराईत हाताकडे का जाते, हे ज्याला कळते त्याला ही अडचणही कळेल.

भारतीय जवान रंगवणे जास्त कठीण का?

कारण बाजारात अमेरिकी, ब्रिटिश आणि सोव्हिएत सैनिक ढिगाने मिळतात. भारतीय जवान शोधावा लागतो. मग ब्रिटिश सैनिकाचे हेल्मेट बदल, बंदूक काप, पगडी पुट्टीने घडव, अशी कसरत सुरू होते. त्यासाठी माहिती अचूक लागते. १९७१ चा जवान ऑलिव्ह ग्रीन गणवेशात आणि ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल घेतलेला. कारगिलच्या वेळी हातात इन्सास आलेली. १५ जानेवारी २०२२ च्या लष्कर दिनी दिसलेला नवा लढाऊ गणवेश डिजिटल ठिपक्यांचा, ‘निफ्ट’च्या मदतीने तयार झालेला. एक रंग चुकला, तर सैनिक वेगळ्याच दशकात जाऊन पोहोचतो.

खर्चाचाही भाग आहे. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला त्याने आधार मिळाला असेल, पण जे देशात बनतच नाही ते मागवणाऱ्याच्या खिशाला मात्र चाट बसते.

पण युद्धाचा खेळ करावाच का?

आक्षेप साधा आणि खरा आहे. मावळ्यांच्या लढाईला साडेतीनशे वर्षे झाली. कारगिलमध्ये मुलगा गमावलेली आई आज शेजारच्या गल्लीत राहत असू शकते. तिच्या दुःखावर फासे टाकायचे का?

या आक्षेपाला ‘हा तर नुसता छंद आहे’ हे उत्तर पुरे नाही. उत्तर खेळाच्या पद्धतीत शोधावे लागते. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात शत्रू मिनिटाला दहा मरतात आणि मेलेला खेळाडू क्षणात पुन्हा उभा राहतो. टेबलावर तसे होत नाही. आधुनिक युद्धखेळाच्या अनेक नियमावल्यांत गोळीबाराचा पहिला परिणाम मृत्यू नसतो, दबाव असतो. तुकडी जमिनीला चिकटते, पुढे सरकत नाही. काही नियमांत जखमीला मागे नेण्यासाठी दोन सैनिक खर्ची पडतात. ज्या सैनिकाची पापणी रात्री जागून रंगवली, तो पडला की हात थबकतो.

लोंगेवालाचे उदाहरण घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाबच्या सुमारे १२० जवानांच्या कंपनीपुढे रणगाडे आले. जैसलमेरची हंटर विमाने रात्री हल्ला करू शकत नव्हती. म्हणजे प्रश्न शत्रूला हरवण्याचा नव्हता, उजाडेपर्यंत टिकण्याचा होता. ही गोष्ट चित्रपटातल्या घोषणांपेक्षा टेबलावर लवकर कळते, कारण तिथे प्रत्येक फेरीला घड्याळ पुढे सरकते आणि हातातली माणसे कमी होत जातात.

मग मर्यादा कुठे आखायची?

तीन रेषा पुरेशा आहेत. पहिली, ज्या कारवायांची जखम ताजी आहे त्या खेळू नयेत. त्याऐवजी काल्पनिक प्रसंग मांडावा. दुसरी, खऱ्या हुतात्म्याच्या नावाचा सैनिक टेबलावर आणू नये. तिसरी सगळ्यात अवघड, समोरच्या बाजूचा सैनिकही तितक्याच निगुतीने रंगवावा. शत्रूला घाईघाईत एकच रंग फासणारा खेळाडू इतिहास शिकत नाही, फक्त आपली बाजू गोंजारतो. किल्ल्यावरच्या मावळ्यांसमोर मुघल फौज मांडणाऱ्या मुलांनाही हे सांगायला हवे.

नाशिकने याकडे का पाहावे?

साहित्य सगळे इथेच आहे. जिल्ह्यातला साल्हेर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि १६७२ ची साल्हेरची लढाई तर उघड्या मैदानावरची, टेबलावर मांडावी अशीच. तोफखान्याचा वारसा देवळालीत आहे, मूर्ती रंगवणारे हात गल्लोगल्ली आहेत, थ्रीडी प्रिंटर हाताळणारे तरुण अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. या तिघांची गाठ पडली, तर भारतीय जवानासाठी ब्रिटिश सैनिकाचे हेल्मेट कापत बसावे लागणार नाही. अर्थात कच्च्या रेझिनला हातमोजे घातल्याशिवाय शिवू नये आणि मुलांच्या हाती जाणाऱ्या सैनिकावर शिसेमुक्त रंगच असावा.

शाळांनी तर दिवाळीच्या किल्ला स्पर्धेत एक साधा बदल करून पाहावा. किल्ला किती सुंदर, याबरोबर कोणता सैनिक कुठे उभा आहे आणि का, यालाही गुण द्यावेत. मावळा कुठे ठेवायचा याचा विचार करणारे मूल मोठेपणी जवान कुठे पाठवला जातो, हेही विचारेल. लोकशाहीला असे प्रश्न विचारणारे नागरिक हवे असतात.