उद्या घडलेल्या गोष्टींचा संपादक

आज आधी एक व्याकरणाचा प्रश्न. ‘उद्या नदीला पूर आला होता.’ हे वाक्य बरोबर की चूक?

तुम्ही लगेच ओरडाल, “चूक! ‘उद्या’ असेल तर ‘येईल’ पाहिजे!” शाब्बास. परीक्षेत तुम्हाला पैकीच्या पैकी गुण. मीसुद्धा अगदी हेच उत्तर दिलं होतं, आणि ते देताना माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक कुठली ते सांगते. पण त्यासाठी आधी एका कामाची आणि ते काम करणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ.

आपल्या या सदरात आपण नेहमी माणसांची आणि त्यांच्या कामांची माहिती घेतो. आजचं काम आहे संपादकाचं. वर्तमानपत्राचा संपादक तुम्हाला माहीत असतो. पण गोष्टींच्या संग्रहाचाही एक संपादक असतो बरं का! पुस्तकावर त्याचं नाव असतं, पण आतल्या सगळ्या गोष्टी त्याच्या नसतात. मग तो करतो तरी काय?

समजा, तुम्हाला वीस विज्ञानकथांचं पुस्तक काढायचं आहे. विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाचा धागा धरून ‘असं झालं तर?’ या प्रश्नाच्या मागे धावत जाणारी गोष्ट. समुद्राची पातळी वाढली तर? माणसाची हुबेहूब नक्कल तयार करता आली तर? अशा वीस गोष्टी हव्या असतील, तर संपादक शेकडो गोष्टी वाचतो. त्यातून निवडतो. लेखकांना पत्रं लिहून परवानगी मागतो. परभाषेतली गोष्ट असेल तर भाषांतर करवून घेतो आणि ते मुळाला धरून आहे की नाही, ते तपासतो. मग क्रम लावतो. दोन उदास गोष्टी पाठोपाठ आल्या तर वाचणारा पुस्तक मिटून ठेवेल, म्हणून मध्ये एखादी गमतीची घालतो. शेवटी प्रस्तावना लिहितो आणि छापखान्यातून आलेली मुद्रितं डोळ्यांत तेल घालून वाचतो. म्हणजे लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखंच हे काम. मिरवायचं नवरा-नवरीनं, धावपळ करायची यानं!

असं काम आपल्या मराठीतल्या एका शास्त्रज्ञानं केलं आहे. त्यांचं नाव डॉ. बाळ फोंडके. जन्म १९३९ सालचा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी बरीच वर्षं संशोधन केलं. पण प्रयोगशाळेत जे कळतं ते सगळ्यांना कळलं पाहिजे, ही त्यांची ओढ. म्हणून पुढे ते ‘सायन्स टुडे’ या इंग्रजी विज्ञान मासिकाचे संपादक झाले. त्यानंतर दिल्लीला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन विभागाचे संचालक झाले. स्वतः त्यांनी मराठीत भरपूर विज्ञानकथा लिहिल्या. ‘खिडकीलाही डोळे असतात’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव. नाव ऐकूनच खिडकी लावून घ्यावीशी वाटते ना?

१९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह काढला. त्यात भारतातल्या वेगवेगळ्या भाषांमधल्या १९ विज्ञानकथा आहेत. आपल्या मराठीतले जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे असे लेखक त्यात आहेत. तमिळमधले सुजाता आहेत, कन्नडमधले राजशेखर भूसनूरमठ आहेत, हिंदीतले देवेंद्र मेवाडी आहेत. विचार करा, चेन्नईच्या मुलाला मराठी येत नाही आणि आपल्याला तमिळ येत नाही. शेजारी राहून एकमेकांच्या गोष्टी आपल्याला ठाऊक नसतात. संपादकानं त्या सगळ्यांना एका पंगतीत बसवलं.

आणि त्या पुस्तकाचं नाव काय असेल? ‘इट हॅपन्ड टुमॉरो’. म्हणजे मराठीत, ‘ते उद्या घडलं’!

आता माझी चूक सांगते.

मी ज्या खाप्याची, ते गाव नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी आहे. एकेकाळी इथे कोष्ट्यांच्या घरोघरी हातमाग खटखटायचे. माझ्या चौथीच्या वर्गानं एक हस्तलिखित काढायचं ठरवलं. प्रत्येकानं एक गोष्ट लिहायची, मी तपासायची, चांगल्या गोष्टी सुंदर अक्षरात उतरवून अंक सजवायचा. वर्गातला एक मुलगा नेहमी मागच्या बाकावर बसायचा. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. ऱ्हस्व-दीर्घाशी तर त्याचं जन्माचं वैर. त्यानंही अर्धं पान लिहून दिलं. गोष्ट होती त्याच्या आजोबांच्या मागाची. आजोबा पातळ विणायचे आणि त्याच्या काठावर आपोआप चित्रं उमटायची. तिसऱ्याच ओळीत वाक्य आलं : ‘उद्या नदीले पूर आला होता.’

मी लाल पेन उचललं. ‘नदीले’ला गोल, ‘उद्या’ला गोल, ‘आला होता’खाली रेघ. समासात लिहिलं, ‘काळ चुकला. पुन्हा लिही.’ पुढचं वाचलंच नाही. तीस वह्या पडल्या होत्या ना समोर!

दुसऱ्या दिवशी तो टेबलाजवळ आला. म्हणाला, “मॅडम, काळ नाई चुकला जी. आजाच्या मागावर उद्याचं आजच विणून होते. कापडावर तं पूर येऊन गेला नं!”

मी म्हणाले, “बरं बरं, आधी शुद्ध लिहायला शीक.” तो मान खाली घालून गेला. अंक निघाला. पहिल्या बाकांवरच्या मुलांच्या गोष्टी त्यात आल्या. त्याची आली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला डॉ. फोंडक्यांचं ते पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि मी तिथेच थबकले. ‘ते उद्या घडलं.’ एका मोठ्या संपादकानं जे वाक्य मुद्दाम पुस्तकाच्या माथ्यावर ठेवलं होतं, त्याच वाक्याला मी लाल रेघ मारली होती! विज्ञानकथेची सगळी गंमत त्या चुकलेल्या काळात आहे. लेखक उद्याची गोष्ट सांगतो, पण ती घडून गेल्यासारखी सांगतो. माझ्या वर्गातल्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं होतं.

मी त्याला बोलावून घेतलं. विचारलं, “तुझ्या गोष्टीचा शेवट काय होता रे?”

तो म्हणाला, “आता ध्यानात नाई जी.”

“वही आहे?”

“पान फाडून टाकलं.”

तर मुलांनो, ती गोष्ट गेली. मागावर पूर दिसला, मग आजोबांनी काय केलं? गावाला सांगितलं? की काठ उसवला? मला ते कधीच कळणार नाही. गोष्ट एकदा हातातून निसटली की ती लिहिणाऱ्यालाही परत सापडत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता तुम्हाला एक खरी घडलेली हकिकत सांगते. मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ही परिषद विज्ञानकथांच्या स्पर्धा घेते. १९७४ सालच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कोण हे जगताप? कुणालाच ठाऊक नव्हतं. मागाहून कळलं की ते होते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ती कथा आपल्या अक्षरात लिहून काढली होती.

एवढी लपवाछपवी कशासाठी? नाव मोठं आहे म्हणून बक्षीस मिळायला नको, गोष्ट चांगली असेल तरच मिळावं. किती सरळ मन! पुढे नारळीकरांनी पुष्कळ विज्ञानकथा लिहिल्या आणि २०२१ साली नाशिकला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्याला सोडून गेले.

ही हकिकत वाचताना मला माझा वर्ग आठवला. नारळीकरांनी अक्षर लपवलं, कारण अक्षरावरून मोठेपणा कळेल. आणि मी अक्षर पाहूनच एका मुलाला छोटा ठरवलं होतं.

मग आम्ही पुढच्या हस्तलिखिताची रीत बदलली. गोष्टीवर नाव लिहायचं नाही. प्रत्येकाची गोष्ट दुसऱ्यानं आपल्या अक्षरात उतरवायची. गठ्ठा तयार झाला की तीन मुलांच्या संपादक मंडळानं सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत वाचायच्या, मगच निवडायच्या. त्या तिघांत मी आपल्या मागच्या बाकावरच्या गड्याला घेतलं. तो म्हणाला, “मी लिहिणार नाई, पण वाचीन.” मी म्हटलं, “चालेल.”

आणि सांगू का, तो फार कडक संपादक निघाला! एका गोष्टीवर बाकीचे दोघं खूश होते. राक्षस होता, राजकन्या होती, शुद्धलेखन निर्दोष. हा म्हणाला, “हे तं आपुन सगळ्यायनं आधीच ऐकलं हाय.” दुसरी एक गोष्ट होती गावाजवळच्या मँगनीजच्या खाणीत खाली खाली जाणाऱ्या मुलीची. तिच्यात चुकाच चुका. हा म्हणाला, “चुका मॅडम दुरुस्त करतीन. पण खाली काय हाय, ते मले पाहाचं हाय.” ती गोष्ट अंकात पहिली लागली. ती कुणाची होती ते कळलं तेव्हा सगळा वर्ग मागे वळून पाहू लागला. तासाला तोंडही न उघडणाऱ्या एका मुलीची होती ती.

संपादक होणं म्हणजे हेच. नवं काय आहे ते ओळखणं आणि चुकांच्या आड दडलेली गोष्ट शोधून काढणं. जगात असे पुष्कळ जण होऊन गेले. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक सुरू केलं. आज विज्ञानकथेचा मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार त्यांच्याच नावानं ओळखला जातो. गार्डनर डोझ्वा यांनी १९८४ पासून २०१८ साली मृत्यू येईपर्यंत दरवर्षी उत्तम विज्ञानकथांचा एक जाडजूड संग्रह काढला. आपल्याकडे अनंत अंतरकरांनी ‘नवल’ मासिकातून मराठी वाचकांना अद्भुत आणि गूढ कथांची गोडी लावली. आणि तुमच्या लाडक्या फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत? ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांसाठी आणल्याच, शिवाय ‘बालमित्र’ नावाचं मुलांचं मासिकही चालवलं.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मूल काही लिहून आणेल तेव्हा आधी शेवटपर्यंत वाचा. मग विचारा, “पुढे काय झालं?” लाल पेन त्यानंतर. शुद्धलेखन शिकवायचं नाही असं मी म्हणत नाही, मी शिक्षिका आहे! पण वेलांटी उद्याही सुधारता येते. फाडलेलं पान परत जोडता येत नाही.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. चार-पाच मित्रमैत्रिणी जमवा. प्रत्येकानं ‘उद्या घडलेली’ एक गोष्ट लिहायची. नावं झाकायची, अक्षरं बदलायची. मग वाचा, निवडा, क्रम लावा आणि चार ओळींची प्रस्तावना लिहा. झाला तुमचा पहिला संग्रह! निवडीवरून भांडण होईल, होऊ द्या. फक्त ‘मला आवडली’ एवढंच म्हणायचं नाही, का आवडली तेही सांगायचं.

आमचा संपादक परवा शाळा सुटताना दारात रेंगाळला होता. म्हणाला, “मॅडम, आजाच्या मागाची दुसरी एक गोष्ट हाय. पण ते अजून घडली नाई.”

मी म्हटलं, “घडली की आण. मी शेवटपर्यंत वाचीन.”

पुढच्या आठवड्यात भेटूच!