सीमा पुसल्या, भिंतींचे काय?



राष्ट्राराष्ट्रांमधील सीमा आता पुसट होत चालल्या आहेत, लवकरच सारी मानवजात एक कुटुंब होईल, असे सांगणारे विद्वान हल्ली बरेच झाले आहेत. धर्मांतर करून आपण जगातील कोट्यवधी बौद्धांशी नाते जोडले आहे. तेव्हा असे बोल ऐकून आपला ऊर भरून यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु सीमा पुसली की बंधुता आपोआप येते, हे खरे नाही. आणि धर्माचे नाव एक असले की ती येते, हे तर त्याहूनही खरे नाही.

श्रीलंकेचे उदाहरण घ्या. 1950 साली याच बेटावर अनेक देशांच्या बौद्धांनी जागतिक बौद्ध भ्रातृसंघ स्थापन केला. त्या परिषदेस बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. पुढे 1956 साली, ज्या वर्षी नागपुरास आपली धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, तेथील कायदेमंडळाने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविली. तमिळ बोलणारा नागरिक आपल्याच देशात परका झाला. त्याच वर्षी दंगल उसळली, 1958 साली पुन्हा उसळली, आणि 1983 पासून 2009 पर्यंत त्या बेटावर यादवी युद्ध चालले. मैत्रीचा उपदेश करणाऱ्या तथागतांच्या धम्माचे बहुसंख्य अनुयायी जेथे राहतात, तेथे हे घडले! मग तेथे काय कमी होते? बुद्धमूर्ती कमी नव्हत्या, विहार कमी नव्हते. समता कमी होती.

याउलट युरोपकडे पाहा. दोन महायुद्धांत एकमेकांचे रक्त सांडणाऱ्या राष्ट्रांपैकी सहा राष्ट्रे 1951 साली कोळसा आणि पोलाद यांच्या सामायिक व्यवहारासाठी एकत्र आली. 1995 पासून तेथील अनेक देशांच्या हद्दींवरील तपासणी उठली. पण त्यांनी एक भाषा सर्वांवर लादली नाही. आज त्या संघाच्या 24 अधिकृत भाषा आहेत. एका सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहू लागला, तर तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याला मत देता येते. अर्थात हेही घर अभेद्य नाही. 2020 साली ब्रिटन त्यातून बाहेर पडला. तरीही धडा स्पष्ट आहे. आधी हक्क द्यावे लागतात, आपलेपणा त्यांच्या मागून येतो.

आता दूरचे देश सोडा आणि मीरा-भाईंदरकडे वळा. 2011 च्या जनगणनेत या शहरात आठ लाखांवर लोक होते. कोकण, विदर्भ, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेली माणसे येथे एकाच इमारतीत राहतात, एकाच लोकलला लोंबकळतात. प्रांतांच्या सीमा येथे केव्हाच पुसल्या. भिंती मात्र उभ्याच आहेत. 2025 च्या जून-जुलैमध्ये मराठी बोलण्यावरून मीरा रोडच्या एका दुकानदाराला मारहाण झाली, मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. तिची अवहेलना आम्हांस मान्य नाही. येथे राहून वर्षानुवर्षे ती न शिकणे हा उद्दामपणाच होय. पण चपराक मारून भाषा शिकविता येते काय? धाकाने वाकविण्याचा हा मार्ग आपण ओळखलाच पाहिजे; गावकुसाबाहेर आपल्या वाडवडिलांनी तो पिढ्यानपिढ्या सोसला आहे.

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे 84 लाख बौद्ध, आणि त्यांतील सुमारे 65 लाख एकट्या महाराष्ट्रात! आपण सावध राहिलो नाही, तर विश्वाचा हा धम्म एका प्रांतातील एका जातीचे नवे नाव होऊन बसेल. जपानचे, थायलंडचे भिक्खू आले की आपण पुष्पवृष्टी करतो. पण बाबासाहेबांच्या मागे धम्माच्या वाटेने आलेला आग्र्याचा बांधव शेजारच्या खोलीत राहावयास आला, तर त्याला आपण ‘भय्या’ म्हणून मोकळे होतो! सोयरीक ठरविताना अजून जिल्हा विचारतो, पोटजात विचारतो. असे वागणाऱ्याने जागतिक बंधुतेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. विहारात हिंदी भाषक बांधवांसाठी मराठीचे वर्ग काढा, आणि ते शिकेपर्यंत प्रवचनाचा अर्थ त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. संस्थेच्या कार्यकारिणीत त्यांना जागा द्या. सोयरिकीच्या वेळी मुलामुलीचे शिक्षण आणि शील विचारा, पोटजात विचारू नका. त्रिशरण आणि पंचशील कोलंबोत, बँकॉकमध्ये आणि भाईंदरमध्ये एकाच पाली भाषेत म्हटले जातात. त्या शब्दांनी जोडलेले नाते आपल्या उंबरठ्यावर तुटत असेल, तर ते समुद्रापलीकडे टिकणार नाही. जगाच्या सीमा पुसणे आपल्या हाती नाही. आपल्या घरातील भिंत पाडणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे. ती आधी पाडा!