तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे (म्हणे!)

शुक्रवारी रात्री टपरीवर एका मित्राशी चांगलंच वाजलं. हा मित्र मोबाईल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत डिझायनर आहे. नव्या अपडेटवर लोक भडकलेत, रोज शिव्या घालतायत, आणि साहेब कटिंगचा घोट घेत शांतपणे म्हणतात, "अरे, प्लेअर्सना काय कळतंय? आणि आम्ही घेतो ना फीडबॅक. फॉर्म ठेवलाय." त्या फॉर्मचं पुढे काय होतं? "एक्सेलमध्ये जातो." आणि एक्सेलचं? यावर तो नुसता हसला.

माझं डोकं तिथेच फिरलं. माझं म्हणणं अगदी साधं आहे. खेळाडू 'नको' म्हणाले आणि तरी तुमचं काहीच अडत नसेल, तर तुम्ही त्यांचं ऐकत नाही आहात, त्यांना फक्त बोलू देताय. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार वहीत लिहून घ्यायची आणि वही कपाटात ठेवायची, त्यातला प्रकार.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. शाळेत असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी रूनस्केप खेळायचो. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा गेम, ब्राउझरमध्ये चालायचा, काही इन्स्टॉल करायला लागायचं नाही, म्हणून कॅफेवाल्या दादाचाही आक्षेप नसायचा. मी आलो तेव्हा त्या गेममध्ये एक विचित्र नियम होता. मित्राला भारीतली तलवार फुकट देताच यायची नाही! देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंची किंमत जवळपास सारखी लागायची. जुने लोक सांगायचे, पूर्वी असं नव्हतं रे.

खरंच नव्हतं. खऱ्या पैशात गेममधलं सोनं विकणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या, त्यात चोरीची क्रेडिट कार्डं वापरली जात होती. म्हणून कंपनीने डिसेंबर 2007 मध्ये 'वाइल्डरनेस' भागातली जुनी मारामारी काढली आणि जानेवारी 2008 मध्ये मुक्त व्यापारावर बंधनं आणली. खेळाडूंनी गेमच्या आतच मोर्चे काढले. आता गंमत बघा, कंपनीचं निदान अजिबात चुकीचं नव्हतं. रोग खराच होता, पण औषधाने रोग्याचीच वाट लागली. आणि ती लागतेय हे आकड्यांकडे बघत बसलेल्यांच्या आधी खेळणाऱ्यांना कळलं, कारण दुखत त्यांना होतं. तीन वर्षांनी कंपनीने शेवटी मतदान घेतलं. 12 लाखांवर मतं पडली, त्यातली 91 टक्के जुनं परत आणा म्हणणारी. फेब्रुवारी 2011 मध्ये ते परत आलं. मित्राला मी पहिल्या दिवशी काय दिलं ते सांगत नाही, हसाल.

शहाणे झाले म्हणावं, तर 2012 च्या नोव्हेंबरात त्यांनी लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. लोक पुन्हा निघाले. मग फेब्रुवारी 2013 मध्ये ऑगस्ट 2007 चा जुना बॅकअप काढून 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू केला, तोही मतदान घेऊनच. पण या वेळी त्यांनी स्वतःचे हात बांधून घेतले. नवी गोष्ट घालायची तर खेळाडूंची 75 टक्के मतं हवीत (पुढे हा आकडा 70 वर आणला). म्हणजे 'नको'ला खरोखर किंमत आली. 'आर्टिसन' नावाचं नवं कौशल्य 2014 मध्ये पडलं. 2015 मध्ये जहाजं चालवायचं 'सेलिंग' पडलं. 2019 मध्ये 'वॉर्डिंग' पडलं. इतकं डिझाइन पाण्यात! माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, म्हणूनच लोकांना विचारू नये. लोकांना नवीन काही नकोच असतं."

तर मित्रा, पुढचं ऐक. 2023 मध्ये सेलिंग परत मतदानाला आलं, या वेळी तयार होत असतानाच खेळाडूंना विचारत विचारत. सत्तरच्या थोडंसं वर जाऊन पास झालं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये गेममध्ये आलंसुद्धा. (जुन्या 75 च्या नियमाने ते पडलं असतं, हे मला माहीत आहे. कटकट करणाऱ्यांनी जरूर करावी, मुद्दा रास्त आहे.)

मतदान हा एकच मार्ग आहे असं माझं म्हणणं नाही. एखादी गोष्ट सांगणारा, एकट्याने खेळायचा गेम असेल तर लेखकाने कुणाला कशाला विचारावं? पण महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन लोकांना जिथे राहायला बोलावता, तिथे घरमालकासारखं वागून चालत नाही. फायनल फँटसी चौदा 2010 मध्ये इतका वाईट निघाला की कंपनीने मासिक फीच काही काळ थांबवली आणि डिसेंबरात नाओकी योशिदांना नेमलं. त्यांनी प्रत्येक गोष्ट मतदानाला टाकली नाही. पत्रं लिहिली, कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्नांना उत्तरं दिली, काय करणार आणि काय का करणार नाही ते सांगितलं. 2013 मध्ये गेम जवळजवळ नव्याने बांधून आणला. 'नाही' म्हणायलाही समोर यावं लागतं, इतकंच.

आता हे सगळं मित्राला सुनावून मी विजयी मुद्रेने घरी आलो, आणि झोप आली नाही. कारण मागच्या महिन्यात आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका गोदामात गेलो होतो. तिथले एक काका प्रत्येक नोंद आधी नोटपॅडमध्ये टाइप करून मग आमच्या स्क्रीनवर चिकटवत होते. का, तर आमची स्क्रीन मधेच लॉगआऊट करते आणि लिहिलेलं जातं. म्हटलं, "काका, तक्रार नाही का केली?"

"केली होती की साहेब, दिवाळीच्या आधी. बंद करून टाकली तुम्ही लोकांनी."

ऑफिसात येऊन शोधलं. तिकीट होतं. 'वर्किंग ॲज डिझाइन्ड' असा शेरा मारून बंद केलेलं, आणि बंद करणाऱ्याच्या जागी माझंच नाव. तेव्हाही मी ते पुन्हा उघडलं नाही, रिलीज तोंडावर होतं. सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी उघडतोय. मॅनेजर विचारेल, क्लायंटने एस्कलेट केलंय का. नाही केलेलं.

मित्राचा अजून फोन नाही. असो.