शितावरून भाताची परीक्षा

डोंबिवलीत मानवाच्या उत्पत्तीवर व्याख्यान होतं. शेवटी एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, "करंगळीच्या पेरावरून नवा मानव ठरवायचा? ही तर शितावरून भाताची परीक्षा!" टाळ्या पडल्या. पण सरांची म्हण सरांवरच उलटते.

शितावरून परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. हाडाचंही तसंच: एका पेरातही अख्ख्या शरीराचाच डीएनए असतो. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत 2008 साली सापडलेलं ते पेर एका मुलीचं. आजच्या माणसाच्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएपासून निअँडरथलचा डीएनए सरासरी 202 जागी वेगळा. 2010 मध्ये वाचलेला तिचा 385 जागी. पुढे पेशीकेंद्रातल्या डीएनएने तिला निअँडरथलांच्या जवळ आणून बसवलं, म्हणजे ती फार दूरची असल्याचा पहिला अंदाज याच शास्त्राने दुरुस्त केला. उलट चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला 2021 मध्ये ठेवणीवरून 'होमो लाँगी' हे नवं नाव मिळालं. 2025 मध्ये तिच्या दातावरच्या किटणातून डीएनए निघाला आणि ती डेनिसोव्हन, म्हणजे त्या मुलीच्याच वंशाची, ठरली. पातेलं सापडलं, शीत त्यातलंच होतं.

सरांचा दुसरा आक्षेप असा: संकर झाला, मग वेगळी जाती कसली? यात तथ्य आहे. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन अशा मुलीचं हाड 2018 मध्ये ओळखलं गेलं. गुहेतल्या मुलीचा डीएनए वाचणाऱ्या स्वान्ते पेबो यांच्या चमूनेही 2010 मध्ये लॅटिन नाव देण्याचं टाळलं होतं. 'नवी प्रजाती' हा शब्द बातम्यांचा. (आपल्या पाठ्यपुस्तकांत होमो ही प्रजाती आणि सेपियन्स ही जाती, तो घोळ वेगळाच.) डीएनए वंशाचा फाटा दाखवतो. त्याला जाती म्हणायचं की नाही यावर वाद घाला. फाटा त्यामुळे पुसला जात नाही.

"आपल्याकडे असा जुना डीएनए का नाही सापडत?" उकाडा. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्यासह झालेल्या राखीगढीच्या अभ्यासात 61 नमुन्यांतून एकाच स्त्रीचा डीएनए हाती लागला, तीही जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीची. ठाण्या-कल्याणच्या दमट हवेत तर लोखंडी ग्रिलही लवकर गंजतं.

पण जिवंत शरीरात जुना डीएनए पिढ्यानपिढ्या टिकतो. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे 50,000 अक्षरांचा तुकडा निअँडरथलांकडून आला, हे 2020 मध्ये पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या निअँडरथल हाडाशी तो जुळला. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आहे. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या कितीतरी बोटांतही असणार.